उतार

बावीस वर्षं झाली पुण्यात येऊन.
शनिवारवाड्यावरून रोज जातो,
डिकीत पाना, टेफ्लॉनची टेप,
कसब्यात कुणाचा फ्लश गळतो,
नारायण पेठेत कुणाची टाकी.
आत कधी गेलो नाही.
आपल्याच गावातलं कोण बघतं?

मग औशाहून साडू आले.
दोन पोरी, सासूबाई, डब्यात धपाटे
आणि एकच मागणी : वाडा दाखवा.

ओम्नी लावायला तीन चकरा.
चौथ्या चकरेला जागा मिळाली ती पार नदीकडं.
खिडकीतला म्हणाला, रोख नाही, कोड स्कॅन करा.
कोड उन्हानं विटलेला,
माझ्या फोनला रेंज नाही, साडूंच्या फोनला बॅटरी,
मागची रांग मात्र फुल चार्ज.
शेवटी कुण्या एका पोरानं आमचे पैसे भरले,
मी त्याच्या हातात नोटा कोंबल्या.

दिल्ली दरवाजा सगळ्यांना आवडला.
धाकटी खिळे मोजत साठाच्या पुढं चुकली,
पुन्हा एकपासून.
नगारखान्याच्या जिन्याला कुलूप.
"दुरुस्ती चालूय," पहारेकरी म्हणाला.
कधीपासून?
"मी लागलो त्याच्या आधीपासून."

आणि आत
हिरवळ. जोतं. हिरवळ. जोतं.
साडूंनी कपाळावर हात धरून चारी दिशांना पाहिलं,
एस्टी चुकलेला माणूस पाहतो तसं,
आणि विचारलं,
"वाडा कुठंय?"

जळाला, म्हटलं. इंग्रजांच्या काळात.
"मग तिकीट कशाचं?"
ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.
जणू मीच काडी लावली होती
अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

थोरलीला भूत बघायचं होतं.
भुताच्या वेळेआधीच वाडा बंद होतो.
सासूबाई चपला काढून एका जोत्यावर बसल्या,
दगडावरून हात फिरवला,
"हितं चूल आसंल," म्हणाल्या
आणि डबा उघडला.
लगेच शिट्टी. "आजी, खायला मनाई आहे!"
"चुलीपाशी?"

मी वैतागून बाजूला झालो
तो कारंज्यापाशी आलो.
कोरडं ठाक. तळाशी बाटलीचं झाकण, एक क्लिप.
दगडात कमळ, आणि पाण्याला जागोजाग वाटा.
वाकलो. सवयच हाताला,
एका भोकात करंगळी घालून पाहिली,
मग शेजारच्या,
मग त्याच्या शेजारच्या.
माझ्या डोक्यात कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवला.

कात्रजहून यायचं म्हणे पाणी.
मोटार नाही. बूस्टर नाही.
नुसता उतार.
कुणीतरी कोस-कोस चाललं असणार
दोरी आणि पाणसळ घेऊन,
उकिडवं बसत, एक डोळा मिटून,
बोटभर खाली, अजून थोडं खाली, बास.
घाई केली तर पाणी फुटणार,
कंजूषी केली तर वाटेत झोपणार.
पाटी दोनदा वाचली.
तो नाही तिच्यात.
ज्यांनी पाणी उडताना बघितलं त्यांची नावं आहेत.

वारज्याच्या एका फ्लॅटमधली मोरी आठवली.
उतार अर्धं बोट चुकला होता. मला माहीत होतं.
फरशी बसलीय आता, म्हणालो होतो,
आणि ती बाई, शेवंता लोणकर,
वर्षभर वायपरनं पाणी ढकलतीय.

धाकटीनं तेवढ्यात बाटलीतलं उरलेलं पाणी
एका पाकळीवर ओतलं.
ते जरा थांबलं, मातीचा कण सोबत घेतला,
आणि निघालं,
कुणी न सांगता,
वळण घेत बरोबर मध्याकडं.
शिट्टी पुन्हा वाजली.
मग पहारेकरीही वाकून बघायला लागला.

बाहेर ओम्नीला जामर.
दंड स्कॅन करून भरायचा होता, रेंज आली होती.
साडू कसब्याच्या सिग्नलपर्यंत तेच म्हणत होते,
नुसतीच जोती हो, नुसतीच जोती.

सिग्नलला थांबून मी वारज्याला फोन लावला.
बाईंनी उचलला नाही.
पुन्हा लावला.